शून्य टकरींच्या वेळापत्रकात एक टक्कर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव (मूल्यमापन),
परीक्षा विभाग, विद्यापीठ कार्यालय,
म्हैसूर.

विषय : बी.ए. शेवटचे सत्र, मराठी (ऐच्छिक), बहिःस्थ परीक्षार्थी. वेळापत्रकातून नाहीशा झालेल्या पेपरास पुन्हा दिवस व वेळ मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा इंग्रजी अर्ज (इंग्रजी विभागाकडे अभिप्रायार्थ गेला, व्याकरण तपासून परत आला).
२) अर्जदाराचा कन्नड अर्ज (उत्तर : 'एकूण परिस्थितीत सुधारणा आहे').
३) आपल्या कार्यालयाच्या दारावरील फलक, 'शिल्लक टकरी : ०'.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपल्या सेवेशी कळविण्यात येते की, अर्जदार श्रीमती शांता रंगनाथ महेंद्रकर ऊर्फ शांताक्का (वय साठीच्या पुढे, नेमके वय आपल्या नोंदीत आहे, ते कार्यालयात मोठ्याने वाचू नये अशी त्यांची विनंती आहे) या हा अर्ज तोंडी सांगत असून त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू विश्राम हा तो लिहून घेत आहे. हा विश्राम मूळचा साताऱ्याचा, हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. शांताक्कांचे बोलणे अर्ध्या वाक्यात कन्नडकडे वळते, म्हणून लिहिण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. पुढे 'अर्जदार' म्हणजे सर्वत्र शांताक्का समजावे. मजकुरात मधूनच कोणाचा पारा चढलेला दिसल्यास तो लिहिणाऱ्याचा समजावा. अर्जदार स्वतः फार शांत आहेत, इतक्या की त्यामुळेच हे सगळे घडले.

इंग्रजी व कन्नड करून झाल्यावर मराठीत अर्ज का, असा प्रश्न आपणास पडेल. आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. प्राणेश यांनी खाजगीत सांगितले की, साहेब निपाणीकडचे आहेत, डबा उघडताना खाली मराठी वर्तमानपत्र अंथरतात आणि जेवता जेवता ते वाचतात. तेव्हा हा अर्ज डब्याखाली गेला तरी हरकत नाही, वाचला जावा.

१. चामराजपुरमच्या मागच्या गल्लीत अर्जदारांचे शिवणकामाचे दुकान आहे. आता ते सून बघते. घराण्याला म्हैसुरात किती पिढ्या झाल्या हे घरात कोणालाच सांगता येत नाही. देव्हाऱ्यात विठ्ठल आहे, घरातले बोलणे मराठी आहे, आणि त्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड आहे ('ठाऊक'ला 'गोत्त' म्हणतात). याचे आजवर कोणाला काही वाटले नव्हते. पण काही वर्षांपूर्वी अर्जदार नात्यातल्या एका लग्नाला सोलापूरला गेल्या. तिथे पंगतीत त्यांनी आमटी आणखी थोडी मागितली, तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी विचारले की, तुम्ही बोलता ती भाषा कोणती? बाईंनी खवचटपणे विचारले असते तर चालले असते. त्यांनी कौतुकाने विचारले, हे जास्त लागले.

अर्जदार परत आल्या आणि त्यांनी बी.ए.ला नाव घातले. ऐच्छिक विषय मराठी, जोडीला इतिहास आणि समाजशास्त्र. हेतू एवढाच की, आपण घरात बोलतो ते मराठीच आहे असे कोणत्यातरी विद्यापीठाने शिक्का मारून सांगावे. पुस्तके शिवणयंत्राच्या बाजूला उघडी असत. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या तारखा पुढे गेल्या, एकदोन बाह्या कमीजास्त झाल्या, पण अभ्यास मागे पडला नाही. प्रत्येक सत्रात त्या उत्तीर्ण झाल्या. पहिल्या श्रेणीत नाही, पण उत्तीर्ण.

२. आता मुद्दा. त्यांचा अभ्यासक्रम जुना असून तो या वर्षी बंद होत आहे. शेवटच्या सत्राची ही शेवटची परीक्षा. मराठीच्या या पेपराला अख्ख्या विद्यापीठात एकच परीक्षार्थी आहे, आणि ती म्हणजे अर्जदार. हा पेपर झाला तर पदवी मिळेल. झाला नाही तर पुढच्या वर्षी पेपरही नाही, अभ्यासक्रमही नाही, आणि सोलापूरच्या बाईंना द्यायला उत्तरही नाही.

३. या वर्षीपासून वेळापत्रक संगणक करतो हे आपणास ठाऊकच आहे. उद्घाटनाची फीत आपणच कापली. पूर्वी चार प्राध्यापक एका खोलीत बसत, आपापसात भांडत, आणि चहा संपेपर्यंत वेळापत्रक तयार होत असे. आता तो प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते प्रा. श्रीवत्स हिनकलला राहतात. माणूस तरुण, उत्साही आणि मनाने चांगला. अर्जदार त्यांना भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः कॉफी करून दिली आणि सगळी पद्धत समजावून सांगितली. लिहिणारा तेव्हा हजर होता.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विषयांच्या जोड्या इतक्या आहेत की शक्य तेवढी सगळी वेळापत्रके एकेक करून तपासायची ठरवली, तर आजच्या परीक्षार्थींची नातवंडे परीक्षेला बसतील. म्हणून प्रोग्राम सगळी तपासत नाही. तो एक कसेबसे वेळापत्रक मांडतो. मग दोन पेपरांची अदलाबदल करून बघतो. टकरी कमी झाल्या तर नवे ठेवतो, वाढल्या तर सहसा टाकून देतो. टक्कर म्हणजे एकाच परीक्षार्थीचे दोन पेपर एकाच वेळी येणे. असे करत करत जे हाती लागते ते सर्वोत्तम असेलच असे नाही, पण चालण्याजोगे असते. याला ह्युरिस्टिक शोध म्हणतात. धोका एकच, असे ते म्हणाले. धुक्यात चामुंडी टेकडी चढणारा माणूस वाटेतल्या मोठ्या नंदीपाशी पोहोचला की त्याला वाटते, शिखर आले. प्रोग्रामचेही तसे होते. म्हणून तो अधूनमधून मुद्दाम चार पायऱ्या खाली उतरून दुसरी वाट आहे का बघतो.

हे ऐकून अर्जदारांनी विचारले, "उतरताना तुमच्या पायाखाली कोण येतंय ते बगता की न्हाई, सर?"

प्राध्यापकांनी प्रश्न फार चांगला आहे असे सांगितले. मग आणखी कॉफी हवी का असे विचारले.

४. आता प्रोग्रामला कोणाची टक्कर टाळायची आणि कोणाची चालवून घ्यायची हे कसे कळते? तर दंडावरून. परीक्षेचा अर्ज भरताना 'परीक्षाकाळातील विशेष अडचण' असा एक रकाना होता. अडचण जितकी मोठी, तितका त्या परीक्षार्थीच्या टकरीचा दंड जास्त, आणि प्रोग्राम दंडाला भितो. विद्यार्थ्यांनी मन मोकळे केले. बहिणीचे लग्न, आत्याचे बाळंतपण, घरात रंगकाम. एकाने तर 'सकाळी उठवत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले. प्राध्यापकांनाही असाच रकाना दिला होता, त्यांनीही हात आखडता घेतला नाही.

अर्ज भरण्याची शेवटची तारीख मात्र नेमकी एकादशीला आली. अर्जदारांच्या घरी एकादशीला उपासाबरोबर आणखी एक नियम पाळतात. त्या दिवशी तोंडातून तक्रार काढायची नाही. पाय दुखो, गिऱ्हाईक डोके खावो, कोणी विचारले तर सगळे बरे आहे म्हणायचे. देवाच्या दिवशी देवाला गाऱ्हाणे ऐकवू नये, ही त्यामागची समजूत. तोंडाने म्हणायचे नाही तर हाताने तरी कसे लिहायचे, असा विचार करून अर्जदारांनी रकान्यात लिहिले : 'काही नाही. सर्व कुशल.'

प्रोग्रामने ते खरे मानले. साऱ्या विद्यापीठात अडचण नसलेली एकच व्यक्ती त्याला सापडली आणि त्याने तिच्या टकरीला दंडच लावला नाही. तेव्हापासून कोणालाही कुठे हलवायचे झाले, की तो आधी अर्जदारांना हलवतो. रकाना पुन्हा भरू द्यावा अशी विनंती केली असता, तो एकदा उघडला की सगळ्यांना नव्या अडचणी सुचतील, असे कार्यालयाने कळविले. हे म्हणणे खोटे आहे असे म्हणता येत नाही.

५. पहिल्या वेळापत्रकात अर्जदारांचा मराठीचा पेपर आणि समाजशास्त्राचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी आला. मराठीचे केंद्र हूटगळ्ळी, समाजशास्त्राचे चामराजपुरम. अर्जदार इंग्रजी अर्ज घेऊन कार्यालयात आल्या. तिथे दारावर फलक होता : 'शिल्लक टकरी : १'. त्याखाली आपला हसरा फोटो होता. श्री. प्राणेश यांनी विचारपूस केली, आणि मग आनंदाने आतल्या लोकांना हाक मारून सांगितले की ती एक आली आहे. सगळे बघायला बाहेर आले. हजारो टकरींतून उरलेली टक्कर प्रत्यक्षात कशी दिसते याचे सर्वांना कुतूहल होते. अर्जदारांना खुर्ची देण्यात आली, हे कृतज्ञतेने नमूद करण्यात येते.

६. प्रोग्राम पुन्हा चालवण्यात आला. दुसऱ्या वेळापत्रकात समाजशास्त्र सुटले, मराठी इतिहासावर जाऊन आदळले. फलकावर एक तो एकच. अर्जदारांनी कन्नडमध्ये अर्ज केला. त्याचे उत्तर संदर्भ क्र. २ मध्ये दिलेच आहे. परिस्थितीत काय सुधारले असे विचारता, कोणा एका विद्यार्थ्याला दोन पेपरांमध्ये मोकळा दिवस मिळाला असे समजले. बहुधा तो सकाळी न उठणारा असावा.

लिहिणाऱ्याने तेव्हा वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवले की, शनिवारची दुपार रिकामी आहे, तिथे मराठी ठेवा आणि विषय मिटवा. प्रा. श्रीवत्स म्हणाले, ती दुपार रिकामी दिसते पण रिकामी नाही. त्या वेळी परीक्षा विभाग विरुद्ध लेखा विभाग असा क्रिकेटचा सामना आहे आणि त्याला भारी दंड लावलेला आहे. शिवाय हाताने एक पेपर जरी हलवला तर मग ती पद्धत राहिली नाही. शिवाय मराठीचा पेपर नुकताच हलवलेला असल्याने तो सध्या निषिद्ध यादीत आहे. नुकत्याच हलवलेल्या पेपराला लगेच परत हात लावायचा नाही, नाहीतर प्रोग्राम त्याच त्या दोन जागांमध्ये गरगर फिरत राहतो, म्हणून अशी यादी ठेवावी लागते.

 निषिद्ध म्हटल्यावर अर्जदार उठून उभ्या राहिल्या. "घरात रोज विठ्ठलापुढं म्हणते ती भाषा निषिद्ध कशी व्हईल? कोण म्हणालं ते? त्याला बलवा इकडं." प्रा. श्रीवत्सांनी तो संगणकशास्त्रातला शब्द आहे हे परोपरीने समजावले. अर्जदारांनी ऐकून घेतले. पटले असे लिहिणाऱ्यास वाटत नाही.

७. तिसऱ्या वेळापत्रकात टक्कर नव्हती. मराठीला स्वतंत्र दिवस मिळाला होता, वेळ सकाळची होती, केंद्र घरापासून चालत जाण्याजोगे होते. अर्जदारांनी देवापुढे साखर ठेवली. नंतर सुनेच्या लक्षात आले की ती तारीख होऊन गेलेली आहे. होऊन गेलेल्या दिवशी पेपर ठेवू नये असे प्रोग्रामला कोणी सांगितले नव्हते, आणि त्या दिवशी कोणाचाच दुसरा पेपर नसल्याने त्याला ती जागा फार पसंत पडली. प्रा. श्रीवत्सांना हे दाखवले तेव्हा ते खरोखर भारावून गेले. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हे आले नसते, असे ते म्हणाले.

अर्जदारांच्या डोक्यातही आले नव्हते. सबब त्या हजर राहिल्या नाहीत, आणि परीक्षा विभागाच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असे आपोआप लागले. ते वेळापत्रक रद्द होऊन फलकावर एक परत आला, पण 'गैरहजर' तसेच राहिले.

८. चौथ्या खेपेला कार्यालयात पेढे चालू होते. अर्जदारांनाही आग्रहाने दोन दिले. फलकावर शून्य होते. श्री. प्राणेश यांनी अर्जदारांचे अभिनंदन केले आणि म्हणाले, "अम्मा, सुटलात बघा तुम्ही." आपले काम झाले असे समजून अर्जदारांनी पेढे खाल्ले. एक तर पदरात बांधून लिहिणाऱ्यासाठी घरी आणला. घरी येऊन वेळापत्रक वाचले तर त्यात इतिहास होता, समाजशास्त्र होते, मराठी नव्हते. वरून खाली आणि खालून वर वाचून पाहिले. कुठेच नव्हते.

चौकशीअंती कळले ते असे. मराठीच्या पेपराला परीक्षार्थी एक. ती एक गैरहजर. म्हणजे ज्यांचा पेपर घ्यायचा बाकी आहे असे परीक्षार्थी शून्य. ज्याला परीक्षार्थी नाही तो पेपर कशाला ठेवायचा, म्हणून प्रोग्रामने तो काढून टाकला, आणि काढल्याबरोबर एकूण टकरी शून्यावर आल्या. यात प्रत्येक पायरी बरोबर आहे असे प्रा. श्रीवत्स म्हणतात, आणि लिहिणाऱ्याने दोनतीनदा तपासले तरी त्याला कोणती पायरी चुकली ते दाखवता येत नाही. याचाच त्याला जास्त संताप येतो. सगळे बरोबर करून एका बाईची तीन वर्षे गिळता येतात, हे त्याला ठाऊक नव्हते.

९. श्री. प्राणेश यांच्याकडे पुन्हा दाद मागितली. ते स्वभावाने मायाळू आहेत, त्यांनी अडचण समजून घेतली आणि स्वतःची सांगितली. वेळापत्रकात नसलेला पेपर घेता येत नाही, असा नियम आहे. वेळापत्रकात घातला तर फलकावर पुन्हा एक येतो. आणि पुढच्या आठवड्यात इतर विद्यापीठांचे पाहुणे हे शून्य बघायला येणार आहेत. साहेबांचे भाषण छापून झाले आहे. अशा वेळी तो आकडा बदला असे साहेबांना कोण सांगणार, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या टेबलाकडे बघितले. सबब ती गोष्ट आता हा अर्ज सांगत आहे.

१०. महोदय, अर्जदारांचे गाऱ्हाणे प्रोग्रामविरुद्ध नाही. हजारो मुलांच्या टकरी मिटल्या याचा त्यांना मनापासून आनंद आहे. त्यांच्याच गल्लीतली चार मुले या वेळी सुखाने परीक्षा देत आहेत. आपल्या शून्याचेही त्यांना कौतुक आहे. फक्त त्या शून्यात त्यांना बसायला जागा नाही.

म्हणून विनंती की, मराठीचा पेपर वेळापत्रकात परत घ्यावा व फलकावर एक येऊ द्यावा. पाहुण्यांनी विचारले तर ती टक्कर कोण ते दाखवायला अर्जदार स्वतः येऊन बसायला तयार आहेत, चांगली साडी नेसून येतील. फलकावर एक नको असेल तर क्रिकेटचा सामना चालू असताना मैदानाच्या कडेला बाक टाकावा, पंचांनीच पर्यवेक्षण करावे. तेही जमत नसेल तर कार्यालयाच्या जिन्यात, कपाटांच्या खोलीत, किंवा पाहुणे जेवायला गेले असता त्याच फलकाखाली पेपर घ्यावा. पहाटे म्हणाल तर पहाटे. रविवार म्हणाल तर रविवार. इतिहासाच्या पेपराच्या वेळीच ठेवला तरी चालेल. अर्जदार अर्धा वेळ इतिहास लिहितील आणि अर्धा वेळ मराठी, आणि जे गुण पडतील ते गोड मानून घेतील. एवढे सगळे अर्जदारांनी सांगितले तेव्हा लिहिणारा म्हणाला की, अक्का, इतके खाली उतरू नका, हक्काची गोष्ट आहे. अर्जदारांनी त्याला 'नुसते लिही' म्हणून सांगितले. लिहिले आहे.

आजवरची आपली एकमेव शिल्लक टक्कर,
तरीही आपली नम्र,

(सही) शांता रंगनाथ महेंद्रकर
चामराजपुरम, म्हैसूर
दि. १४ मे २०२५

सोबत : १) इंग्रजी विभागाने तपासलेला अर्ज, लाल शाईच्या खुणांसह. २) चारही वेळापत्रके. ३) होऊन गेलेल्या तारखेचे प्रवेशपत्र, मूळ प्रत.

ता.क. : खालच्या ओळी अर्जदारांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. लिहिणाऱ्याने त्यात काहीही दुरुस्त केलेले नाही.

साहेब, वरचं सगळं विश्रामनं लिवलंय. लई शुद्ध हाय. मला पेपरात एवढं शुद्ध येणार न्हाई, ते मला गोत्त हाय. पण जेवढं येतंय तेवढं लिवायला बसवा की एकदा. वाचून सगळं तयार ठेवलंय. लिवलेलं बगा, अन् मराठी न्हाई असं वाटलं तर नापास करा. माझं काय म्हणणं न्हाई. पण मी आलीच न्हाई असं लिवू नका.